शहाण्णव मार्कांचा गेम

"भाभी, आँख बंद करके ले जाओ. सौ में से छियानवे मार्क हैं इसको!"

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका छोट्याशा दुकानात मी उभी होते. २०२२ चा मे महिना. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि दुकानातला पंखा नुसताच आवाज करत होता. चिरंजीवांचा तेरावा वाढदिवस चार दिवसांवर आलेला. आदल्या दिवाळीत ह्यांच्या बोनसमधून आम्ही सेकंडहँड प्लेस्टेशन फोर घेतला होता, त्यावर खेळायला त्याला एक 'भारी' गेम हवा होता. दुकानदाराने पुढे केलेल्या डब्यावर नाव होतं 'एल्डन रिंग'. किंमत ऐकून पोटात गोळा आला. पण शहाण्णव मार्क म्हटल्यावर मी पर्स उघडली.

मैत्रिणींनो, मार्क म्हटले की माझं असंच होतं. मी घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. गेली पंधरा वर्षं हातात लाल पेन आहे. शहाण्णव मिळवणारं पोर वाईट असूच शकत नाही, ही माझी पक्की समजूत. मग गेम तरी वाईट कसा असेल?

वाढदिवसाला डबा हातात पडल्यावर चिरंजीवांनी मला चक्क मिठी मारली. तेराव्या वर्षी मुलगा आईला मिठी मारतो, ही काय साधी गोष्ट आहे! साडेतीन हजार तिथेच वसूल झाले, असं मला वाटलं.

तो आनंद दीड दिवस टिकला. खेळ सुरू झाला की थोड्याच वेळात एक सोनेरी चिलखतवाला घोडेस्वार रस्त्यात उभा असतो. आमचा शूरवीर तलवार उपसून त्याच्यावर धावायचा आणि दोन फटक्यांत आडवा व्हायचा. पडद्यावर 'तू मेलास' अशा अर्थाची लाल अक्षरं. पुन्हा उठायचं, पुन्हा धावायचं, पुन्हा लाल अक्षरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना बाहेरच्या खोलीत धाडकन आवाज आला. जाऊन बघते तर रिमोट भिंतीशी पडलेला आणि पोरगं गुडघ्यात मान घालून बसलेलं.

"अरे, गेमच तो. एवढं काय?"

त्याने मान वर केली. डोळे लाल. म्हणाला, "आई, शहाण्णव मार्कांचा गेम आहे. सगळ्या जगाला आवडला. मलाच जमत नाही. म्हणजे मीच ढ आहे ना?"

मी गप्पच झाले. कारण हा 'ढ' शब्द त्याने गेममधून उचललेला नव्हता. तो आमच्याच घरातला होता. शिकवणीला आलेल्या एखाद्या मुलाच्या वहीवर मी कधीतरी चिडून बोललेली असणार, आणि आतल्या खोलीत बसून त्याने ऐकलेलं असणार.

त्या रात्री तो झोपल्यावर मी डबा हातात घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. कोपऱ्यात एका चौकोनात आकडा होता १६. शहाण्णवच्या नादात हा सोळा मला दिसलाच नव्हता! सोळा वर्षांच्या पुढच्यांसाठीचा खेळ मी तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिला होता, तोही वाढदिवसाची भेट म्हणून.

दुसऱ्या दिवशी आमची तहाची बोलणी झाली. डबा माळ्यावर जाईल आणि सोळाव्या वाढदिवसाला खाली येईल. बदल्यात पुढचा गेम घेण्याआधी मी स्वतः चौकशी करीन, 'आँख बंद करके' काहीही आणणार नाही. चिरंजीव फुरंगटले, पण सुटल्यासारखा एक श्वासही त्यांनी सोडला, तो मी ऐकला.

आकड्यांनी फसायची आमच्याकडे परंपराच आहे म्हणा ना! माझं अख्खं आयुष्य मध्य रेल्वेच्या ओळीने येणाऱ्या तीन स्टेशनांत गेलंय. माहेर अंबरनाथचं, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतलं. सासर बदलापूरचं. आणि लग्नाच्या बस्त्यापासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत सगळी खरेदी उल्हासनगरची. नव्वदच्या दशकात दादासाठी बाबांनी टीव्हीला जोडायचा गेम तिथूनच आणला होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं, '९९९९ इन १'. प्रत्यक्षात खेळ निघायचे मोजून सात-आठ. तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येत राहायचे. आम्ही शोधत बसायचो, की नऊ हजारांत एखादा तरी नवा असेल!

तेव्हा परीक्षण वगैरे काही नव्हतं. शेजारच्या ब्लॉकमधला कुणी "काँट्रा घे, एकदम सॉलिड" म्हणाला की झालं. काँट्रा दोघांनी खेळायचा खेळ. पण पहिला रिमोट कायम दादाकडे आणि दुसरा माझ्याकडे. त्यात एक धबधबा होता. दादा भराभर उड्या मारत वर जायचा, त्याच्याबरोबर पडदाही वर सरकायचा आणि मी खालच्या खाली मरायचे. "तुला येतच नाही," तो म्हणायचा, आणि मीही ते खरं धरलं. मुलींना गेम येत नाहीत हे पुढची पंचवीस वर्षं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणूनच तर मुलासाठी गेम घेताना दुकानदाराच्या तोंडच्या मार्कांवर मी डोळे मिटून विसंबले.

आता मात्र ठरवलं, हे मार्क देतं कोण ते तरी बघू. इंग्रजी माझं शाळेपुरतंच, पण मोबाइलवर शब्दार्थ बघत बघत वाचायला लागले. रोज दुपारी, शिकवणीची मुलं यायच्या आधी अर्धा तास.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की शहाण्णव मार्क कुणा एकाने दिलेले नसतात. 'मेटाक्रिटिक' नावाची अमेरिकन संस्था २००१ पासून निरनिराळ्या समीक्षकांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी काढते. त्यातही कुठल्या समीक्षकाचं वजन किती धरायचं हे तीच ठरवते आणि ते उघड करत नाही. पंच्याहत्तरच्या वर हिरवा रंग, पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळा, त्याखाली लाल. आपलं प्रगतिपुस्तकच की! जपानमध्ये 'फामित्सु' या साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. १९९८ मध्ये 'झेल्डा' मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला चाळीसपैकी चाळीस मिळाले. त्या साप्ताहिकाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं होतं.

पण हे समीक्षक कोण? वर्षाला कित्येक गेम खेळून हात बसलेली माणसं. बऱ्याचदा गेम बाजारात यायच्या आधीच त्यांना फुकट मिळतो. रोज हॉटेलात जेवणाऱ्याला साधा वरणभात फिका लागणार आणि झणझणीत रस्सा आवडणार, तसंच यांचं. 'एल्डन रिंग' अवघड आहे, हाच त्यांच्या लेखी त्याचा मोठेपणा होता. मी पाच-सहा परीक्षणं वाचली. एकातही अवघडपणा लपवलेला नव्हता. सगळ्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. लपवलं होतं ते त्या आकड्याने.

दुसरी गोष्ट कळली ती डब्यावरच्या आकड्याची. मार्क सांगतात खेळ किती चांगला, आणि वयाचा शिक्का सांगतो खेळ कुणासाठी. दोन्ही प्रश्न अगदी वेगळे. अमेरिकेत 'मॉर्टल काँबॅट'सारख्या रक्तबंबाळ खेळांवरून गदारोळ झाल्यावर १९९४ मध्ये वयाचे शिक्के सुरू झाले. युरोपात २००३ पासून 'पेगी' नावाची पद्धत आहे, ३, ७, १२, १६ आणि १८ अशी. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचा दाखला असतो, गेमच्या डब्यावर मात्र बहुतेक वेळा हा युरोपचाच शिक्का दिसतो. डबा उलटा करा, मागे बारीक चित्रंही असतात. मूठ म्हणजे मारामारी, कोळी म्हणजे भीती, फासे म्हणजे जुगार. भाजी घेताना आपण जुडी उलटसुलट करून बघतो ना, तसा डबाही बघायचा.

पण शिक्कासुद्धा ब्रह्मवाक्य नव्हे हं! 'बलात्रो' नावाचा पत्त्यांचा एक खेळ २०२४ मध्ये आला. एकट्या माणसाने बनवलेला आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. त्यात पैसे लावायची सोयच नाही. तरी पोकरचे डाव दिसतात म्हणून 'पेगी'ने त्याला १८ चा शिक्का मारला. त्याच वेळी ज्या फुटबॉलच्या गेममध्ये खरे पैसे मोजून बंद पाकिटं विकत घेता येतात, आत कुठला खेळाडू निघेल ते नशिबावर, त्याला शिक्का ३ चा! 'बलात्रो'वाल्याने जाहीर टोमणे मारले, दाद मागितली गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ चे १२ झाले. आमच्या घरी गणपतीत रात्रभर मेंढीकोट चालतो. त्या न्यायाने आमच्या सासूबाईंवरही १८ चा शिक्का बसला असता! पैशांचं पाकीट कुठे उघडतंय, हे शेवटी आपणच बघायला हवं. आपल्याकडे तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदाच झाला. पण पाकिटं विकणारे गेम आणि रमीचे अड्डे यांतला फरक घरातल्या मोठ्यांना माहीत असेल तरच मुलांना सांगता येईल ना?

तिसरी गोष्ट आमच्यासारख्या सेकंडहँडवाल्यांच्या कामाची. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा गेम प्रचंड गाजावाजा करून आला. आधी छापून आलेली परीक्षणं महागड्या कॉम्प्युटरवर खेळून लिहिलेली होती. मार्क उत्तम. लोकांनी जुन्या प्लेस्टेशनवर लावला तर चित्रं अडकायची, खेळ मध्येच बंद पडायचा. आठच दिवसांत सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत केले. पुढे दुरुस्त्या झाल्या, नव्या यंत्रांवर तो खरंच चांगला झाला, तेच समीक्षक पुन्हा कौतुक करायला लागले. म्हणजे मार्क कुठल्या दिवशीचे आणि कुठल्या यंत्रावरचे, हे विचारायलाच हवं. गॅसवर फुललेली पोळी इंडक्शनवर तशीच फुलेल कशावरून?

आणि सामान्य लोकांनी दिलेले मार्क? मला वाटायचं, तेच खरे. तर जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. समीक्षकांचे मार्क नव्वदीच्या वर. आणि बाजारात आल्याच्या काही तासांतच हजारो लोकांनी त्याला दहापैकी शून्य दिलं! अहो, पंचवीस-तीस तासांचा खेळ, तो इतक्यात संपवला कुणी? राग होता तो आधीच फुटलेल्या कथेवर आणि त्यातल्या बायकांवर. नायिका अशीच का, ती दुसरी बाई एवढी दणकट कशी, असले प्रश्न. त्या दुसऱ्या बाईला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला, लॉरा बेलीला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गेममधल्या एका पात्राला आवाज दिला म्हणून! शेवटी मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम आल्यापासून छत्तीस तास कुणी मार्क द्यायचे नाहीत. खेळा आधी, मग बोला.

मोबाइलवरच्या चांदण्यांचंही तसंच. बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी बघा, निम्म्या जणी कँडी क्रश नाहीतर लुडो खेळत असतात. माझी नणंद रोज त्याच डब्यातून सीएसएमटीला जाते. ती म्हणाली, "वहिनी, अवघड लेव्हल पार झाली की लग्गेच विचारतात, आवडला का गेम? मी पाच चांदण्या देऊन टाकते. हरल्यावर कधी विचारत नाहीत!" घ्या! पोट भरल्यावर आणि पान तोंडात असताना जेवण कसं झालं म्हणून विचारलं, तर कोण वाईट म्हणेल?

एवढं वाचून झाल्यावर मला वाटलं, दुसऱ्यांनी खेळलेलं किती वाचायचं? आपणच खेळून बघू. आणि सेहेचाळिसाव्या स्टेशनाकडे निघालेल्या वयात मी रिमोट हातात घेतला.

पहिला गेम मी निवडला तो पुण्याचा. हो, पुण्याचा! 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'मधल्या मोजक्या लोकांनी तो बनवला. लोकांकडून वर्गणी उभी करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी चिकाटीने काम पुरं करून २०२० मध्ये त्यांनी गेम आणला. अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षी पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. गोष्ट कोणती? राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस गोलू नावाच्या मुलाला पळवतात आणि त्याची बहीण राजी, सर्कशीत कसरती करणारी मुलगी, त्याला सोडवायला निघते. दुर्गा तिच्या पाठीशी.

समीक्षकांनी त्याला सत्तरीच्या आसपास मार्क दिले. म्हणजे पिवळा रंग. महाल, कमानी, भिंतींवरची चित्रं सुंदर, पण लढाईत हात अडखळतो आणि गोष्ट एकदम मध्येच संपते, असा सूर. त्यांचं खोटं नाही. शेवट आला तेव्हा मीही "अरेच्चा, संपलं?" म्हणाले. पण ज्या मुलीने आयुष्यभर दुसरा रिमोट धरला, तिच्या हातात भावाला सोडवायला निघालेली बहीण येते, याचे मार्क कुठल्या रकान्यात धरायचे? दगडी खांबांमधून राजी धावायला लागली की मला लहानपणीचं अंबरनाथचं शिवमंदिर आठवायचं. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. त्या खांबांभोवती आम्ही लपाछपी खेळायचो. लंडनच्या समीक्षकाला ते कसं आठवणार? चिरंजीव शेजारी बसून सांगत होते, "आई, उडी! आई, डावीकडे!" तीन दिवसांनी म्हणाले, "तू वाईट नाही खेळत." पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी 'इट टेक्स टू' घेतला. २०२१ चा, त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरलेला, मार्क नव्वदीच्या जवळ. हा एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे आईबाप मुलीच्या अश्रूंमुळे बाहुल्या होऊन बसतात आणि दोघांनी मिळूनच सुटायचं असतं. एकाकडे हातोडा, दुसऱ्याकडे खिळे. एकाने खिळा मारल्याशिवाय दुसऱ्याला लोंबकळता येत नाही. इथे कुणी कुणाला धबधब्याखाली सोडून वर जाऊ शकत नाही! मी चुकले की तो थांबायचा. त्याला थांबावंच लागायचं. पहिल्यांदा कुरकुरत, नंतर सवयीने.

पण त्यात एक प्रसंग आहे. मुलीला रडवायचं म्हणून आईबाप तिचा लाडका खेळण्यातला हत्ती ओढत नेऊन उंचावरून ढकलतात. तो गयावया करत असतो आणि ढकलायची बटणं आपणच दाबायची! मी रिमोट खाली ठेवला. चिरंजीवही गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, हे मस्त नाहीये." मग आम्ही त्यावर बोललो. मोठी माणसं आपलं काम साधायला मुलांच्या लाडक्या गोष्टीशी कशी वागतात, त्यावर. त्याने आठवण करून दिली, चौथीत असताना अभ्यास व्हावा म्हणून मी त्याचा भोवऱ्यांचा डबा कचऱ्यात टाकला होता. मी साफ विसरले होते. तो विसरला नव्हता. नव्वदीच्या घरातल्या त्या आकड्यात हा प्रसंग आहे का? खेळाला मी चांगलाच म्हणेन. पण दहा वर्षांच्या मुलाला एकट्याला त्या प्रसंगापुढे बसवणार नाही.

तिसरा गेम 'वेंबा', २०२३ चा. टोरांटोतल्या छोट्या चमूने केलेला. तमिळ बाई नवऱ्याबरोबर १९८८ मध्ये कॅनडात येते, तिच्या आईची पाककृतींची वही डागाळलेली, फाटलेली. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हेच एक कोडं! ते मी एका दमात सोडवलं आणि चिरंजीव दोनदा चुकले. असा बदला जगात नाही. हा आमच्या प्लेस्टेशनवर चालत नाही, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर खेळलो. बऱ्याच समीक्षकांचं म्हणणं, फार लहान आहे, दीडेक तासात संपतो. असेल. पण ज्या बाईला दुपारी शिकवणीआधी अर्धाच तास मिळतो, तिच्यासाठी दीड तास हा दोष नाही, सोय आहे. मुलगा मोठा होतो, आईची भाषा विसरत जातो आणि एक दिवस तिची वही अडखळत वाचत स्वयंपाकघरात उभा राहतो, तिथे मी पदर डोळ्यांना लावला. २०२४ मध्ये त्याला 'बाफ्टा'चा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, हे मला नंतर कळलं.

हे सगळं मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवू लागले. मार्क नाही देत. चारच प्रश्नांची उत्तरं लिहिते. वय किती? आपल्या यंत्रावर चालतो का? पैसे एकदाच जातात की पुन्हा पुन्हा? आणि खेळून उठल्यावर मूल कसं असतं, चिडलेलं, दमलेलं की बोलकं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही समीक्षकाकडे नसतं. ते फक्त घरात बसून मिळतं. आता शिकवणीच्या मुलांच्या आया वही मागून नेतात. आमच्या सोसायटीत माझं नाव 'गेमवाल्या टीचर' पडलंय!

आता या गोष्टीचा शेवट सांगते. २०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. ह्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं, पंच्याऐंशी टक्क्यांना नवा फोन. चिरंजीवांना मिळाले ८४.२०. हे रात्री साडेनऊला लोकलमधून दमून आले, निकाल बघितला आणि म्हणाले, "थोडक्यात गेलं रे. पण ठरलं ते ठरलं." पोरगं "हो बाबा" म्हणालं आणि आत गेलं.

मी मागोमाग गेले. काय बोलावं सुचत नव्हतं. तोच म्हणाला, "आई, 'फॉलआउट न्यू व्हेगास' माहितीये? २०१० चा. बनवणाऱ्या कंपनीला मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी मिळाले तर बोनस मिळणार होता. चौऱ्याऐंशी मिळाले. एका मार्काने गेला. आणि आजसुद्धा लोक तो गेम खेळतात." तो हसत होता, पण आवाज हसत नव्हता.

मैत्रिणींनो, तीन वर्षं मी गेमची परीक्षणं शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. पण पोराच्या निकालपत्रावर माझी नजर खालच्या उजव्या कोपऱ्यापलीकडे गेली नव्हती! त्या रात्री त्याच्या शेजारी बसून मी ते वरून खाली वाचलं. मराठीत ब्याण्णव होते. ज्या मुलाने सहावीपर्यंत मराठीचा निबंध माझ्याकडून लिहून घेतला, त्याचे! गणितात मार खाल्ला होता, टीचरच्या मुलाने. "भूमितीत पेपर पुरा झाला नाही," तो म्हणाला, "शेवटची दोन गणितं येत होती." हे मला निकालाच्या आकड्याने कधीच सांगितलं नसतं.

ह्यांच्याशी मी नंतर बोलले. भांडले नाही, फक्त न्यू व्हेगासची गोष्ट सांगितली. हे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अट घालायलाच नको होती." फोन गणपतीत आला, कसलीही अट न घालता.

पण त्याआधी निकालानंतरच्या आठवड्यात सोळावा वाढदिवस आला. सकाळी उठून मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून धूळ खात पडलेला डबा खाली काढला. 'एल्डन रिंग'. तो विसरलाच होता! संध्याकाळी लावला. तोच रस्ता, तोच सोनेरी घोडेस्वार. तलवार उपसून तो पुन्हा धावणार, एवढ्यात मी म्हटलं, "अरे, त्याला वळसा घाल."

"म्हणजे?"

"त्याच्याशी आत्ताच लढायला हवं असं कुणी सांगितलंय? बाजूने निघून जा, बाकीचं जग फिरून ये. ताकद आली की परत ये आणि मग बघ त्याच्याकडे. सगळ्या परीक्षणांत हेच लिहिलं होतं. या गेमची खरी मजाच ती आहे."

"हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"मार्क ऐकून आणला होता, परीक्षण नंतर वाचलं," मी म्हटलं.

त्याने झाडांच्या कडेकडेने त्या घोडेस्वाराला वळसा घातला. पलीकडे एक मोडकं देऊळ, मग मोठं तळं आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान. "आई, हे बघ!" तो म्हणाला आणि माझ्यासाठी सोफ्यावर जरा सरकून बसला.